दोन दिवसांत तीन गावे

वाचकहो, हल्ली वर्तमानपत्र उघडले की परदेशाच्या सहलीची जाहिरात दिसते. आठ दिवसांत पाच देश, दहा दिवसांत सात देश! आमच्या खात्यातील एका सहकाऱ्याची मुलगी आणि जावई जर्मनीत नोकरीला आहेत. ती दोघे शुक्रवारी संध्याकाळी कामावरून सुटली की गाडीत बसतात, शनिवार-रविवारात ब्रुसेल्स, पॅरिस, ॲमस्टरडॅम अशी तीन शहरे पाहून येतात आणि सोमवारी सकाळी पुन्हा कामावर हजर होतात. तिकडे शहरे जवळजवळ, आगगाड्या वेगाच्या, आणि एका देशातून दुसऱ्यात शिरताना बहुधा कोणी अडवत नाही. म्हणून हे जमते. सहकाऱ्याने दाखवलेल्या फोटोंची हकीकत मी घरी येऊन सौ.ला सांगितली. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यांच्या गोठ्यात गाई नसतील."

तिचे म्हणणे खरे आहे. डेअरीची गाडी रविवार पाळत नाही आणि गाय सुट्टीचा अर्ज ओळखत नाही. पुरुषमाणूस बाजाराला जातो, बैठकीला जातो, वारीला जातो. बाई घराबाहेर पडते ती माहेरी, लग्नाला, नाही तर दवाखान्यात. दोघांनी मिळून नुसते चार ठिकाणे पाहायला जावे, ही गोष्ट आपल्या शेतकरी घरात कुणाला सुचत नाही आणि सुचली तरी जमत नाही.

यंदाच्या मे महिन्याच्या अखेरीस मात्र आम्हा दोघांना दोन दिवस बाहेर पडावे लागले. कारण हौसेचे नव्हते. माझे घर जुन्नर तालुक्यात. माझी नोकरी फिरतीची, म्हणून घरची शेती धाकटा भाऊ, भावजय आणि सौ. अशी तिघे पाहतात. भावाचा मुलगा मुंबईला एका कंपनीत आहे. त्याने तीन वर्षांपूर्वी बदलापूरला फ्लॅट घेतला. पगारातला निम्म्याहून अधिक भाग कर्जाच्या हप्त्यात जातो. त्याचे म्हणणे असे की, रस्त्याच्या कडेचे तीस गुंठे विकावे, कर्ज एकदम फेडावे, आणि उरलेल्या पैशातून म्हाताऱ्या माणसांसाठी शेजारीच आणखी एक छोटी जागा घ्यावी. गिऱ्हाईकही तयार होते. भाऊ मला म्हणाला, "दादा, मला काही सुचत नाही. तुम्ही आणि वहिनी जाऊन ती जागा बघून या. तुम्ही म्हणाल तसं करू."

तीस गुंठे बागायत. विहीर तिथेच. त्यात कांदा आणि टोमॅटो आलटून पालटून होतो. त्या तुकड्यात सौ.च्या आणि भावजयीच्या पंचवीस वर्षांच्या खुरपण्या आहेत. तेव्हा मी एकटाच जाऊन निकाल देणे योग्य नव्हते. गाई भावजयीवर सोपवल्या आणि शनिवारी पहाटेच्या एसटीने दोघे निघालो.

आमच्या ओतूरकडची भाजी ज्या माळशेज घाटाने कल्याणला उतरते, त्याच घाटाने आम्हीही उतरलो. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, त्याचा सौ.ला फार आनंद. "आज मी तुमच्यापेक्षा स्वस्त," असे तिने कंडक्टरसमोरच ऐकवले. कल्याणला पोहोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. पुतण्या संध्याकाळी कामावरून परतणार. तोवर करायचे काय? सौ. म्हणाली, "अहो, निघालोच आहोत तर वाटेतली गावं बघू." कल्याणहून कर्जतच्या बाजूला लोकल निघाली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी ओळीने स्टेशने लागतात. दोन कटिंग चहाच्या पैशात तिकीट मिळते. पण या तीन गावांत जेवढे वेगळेपण आहे, तेवढे तीन देशांत तरी असेल की नाही, असे मला आता वाटते.

पहिले गाव उल्हासनगर. स्टेशनाबाहेर पाऊल टाकले की पाट्या मराठी, हिंदी, सिंधी. दुकानाला दुकान चिकटलेले. कापड, फर्निचर, जीन्सच्या विजारी, पापड, लोणची. पत्ता विचारला तर लोक गल्लीचे नाव सांगत नाहीत, 'कॅम्प नंबर' सांगतात. सौ.ने विचारले, "कॅम्प म्हणजे? इथं मिलिटरी आहे काय?"

एके काळी होती. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने कल्याणजवळ सैनिकांसाठी बराकी बांधल्या होत्या. १९४७ साली फाळणी झाली. पंजाब आणि बंगाल अर्धे-अर्धे वाटले गेले, पण सिंध प्रांत सगळाच पाकिस्तानात गेला. म्हणजे सिंधी हिंदूंना परत जायला आपला म्हणावा असा एक जिल्हाही उरला नाही. बोटींनी आणि गाड्यांनी आलेल्या त्या माणसांपैकी सुमारे एक लाख लोक या रिकाम्या बराकींत आणून ठेवले. एका बराकीत कित्येक कुटुंबे, मध्ये गोणपाटाचा पडदा. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वेळचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते इथे नव्या नगराची कोनशिला बसवली गेली. जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून त्याला उल्हासनगर नाव मिळाले.

आम्ही एका दुकानात पातळे पाहायला शिरलो. गादीवर सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. मी शेतीखात्यातला आहे म्हटल्यावर त्यांनी मुलाला कापड दाखवायला सांगितले आणि स्वतः बोलत बसले. त्यांचा जन्म इथलाच, बराकीतला. पण वडील लारकान्याकडचे, भात आणि गव्हाचे शेतकरी. मी म्हटले, "सक्करच्या धरणाचे पाणी तुमच्याकडे येत असणार." सिंधू नदीवरचा सक्करचा बंधारा १९३२ साली पुरा झाला. त्या वेळी सिंध आपल्याच मुंबई इलाख्यात होता. शेतीच्या अभ्यासात हे नाव आम्हाला ठाऊक होते. म्हाताऱ्याचे डोळे चमकले. म्हणाले, "माझे वडील मरेपर्यंत त्या कालव्याचं पाणी कुठल्या दिवशी आपल्या शेताला येतं ते सांगायचे. शेत नाही, कालवा नाही, पण पाळी पाठ होती."

मग सौ.ने सरळ प्रश्न केला, "मग तुम्ही पुन्हा जमीन का नाही घेतली?" ते हसले. म्हणाले, "बाई, पोट आधी. आईनं पापड लाटले, वडिलांनी ते लोकलमध्ये विकले. जमीन घेण्याइतका पैसा आला तेव्हा शेती येणारा माणूस घरात उरला नव्हता."

वाचकहो, हे वाक्य मी तिथेच मनात लिहून ठेवले. माणसे उद्योगी असली की ती उजाड माळावर बाजारपेठ उभी करतात, याचा पुरावा म्हणजे उल्हासनगर. आपल्या तरुणांनी ते पाहावे आणि काम करताना लाजू नये. पण धंदा एका पिढीत शिकता येतो. शेतीचे हात एका पिढीत सुटले की परत बसत नाहीत.

दुपारी एका खानावळीत जेवलो. सौ.ने हौसेने सिंधी कढी मागवली. ती ताकाची निघाली नाही. बेसन भाजून, चिंचेच्या आंबटपणावर, शेवग्याच्या शेंगा, भेंडी आणि बटाटा घालून केलेली. सोबत कमळाच्या देठाची भाजी. "ताक नसताना कढी करायची म्हणजे बायकांचं डोकं बघा," असे म्हणत तिने दोनदा भात घेतला. ताकाचा तुटवडा असणाऱ्या घरांनी ही कढी अवश्य करून पाहावी. बेसन मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजणे एवढेच त्यातले कसब आहे.

चारच्या लोकलने अंबरनाथ. दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आणि मोठी औद्योगिक वसाहत यामुळे हे गाव कामगारांचे. एके काळी इथल्या आगपेट्या घरोघर जात. पण आम्हाला पाहायचे होते शिवमंदिर. स्टेशनापासून पूर्वेला रिक्षाने दहा मिनिटे.

मंदिरावर शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे. उत्तर कोकणात राज्य करणाऱ्या शिलाहार राजांपैकी मुम्मुणी याच्या काळात ते पुरे झाले. लोक त्याला हेमाडपंती म्हणतात. पण हेमाडपंत यादवांच्या दरबारात होता तो तेराव्या शतकात. म्हणजे हे देऊळ त्याच्या दोनशे वर्षे आधीचे. काळ्या पाषाणावर इंचभरही जागा रिकामी नाही. देव, देवी, नर्तकी, हत्तींच्या ओळी. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, वीसेक पायऱ्या उतरून जावे लागते. खाली गारवा. वर पाहिले तर शिखर मिटलेले नाही, आकाश दिसते.

सौ. पायऱ्यांवर बसून राहिली. काही वेळाने म्हणाली, "साडेनऊशे वर्षं. किती पिढ्या झाल्या?" पिढीला पंचवीस वर्षे धरली तर अडतीस. मग ती म्हणाली, "आपल्याकडं आजेसासऱ्यांच्या पलीकडचं नावसुद्धा कुणाला येत नाही. पण विहीर त्यांनी खणली एवढं माहीत आहे."

देवळाला लागून वालधुनी वाहते. वाहते म्हणायचे एवढेच. वरच्या डोंगरातून निघणारी ही छोटी नदी अंबरनाथ, उल्हासनगर करीत कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी पोटात घेऊन ती काळी पडली आहे. ज्याने नदीकाठ पाहून देऊळ बांधले, त्याने आज नाकाला पदर लावला असता. आपल्या गावातले ओढेही याच वाटेवर आहेत. खतांच्या रिकाम्या गोण्या, औषधांच्या बाटल्या, पोल्ट्रीची घाण ओढ्यात टाकताना ही वालधुनी आठवावी. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. गर्दी सोसत नसेल त्यांनी इतर दिवशी सकाळी जावे.

रात्री बदलापूरला पुतण्याकडे पोहोचलो. सातव्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर, नळाला पाणी, स्वच्छ संडास. सूनबाईने मनापासून केले. पण पुतण्या घरी आला तो साडेनऊला. बदलापूरहून मुंबईचे शेवटचे स्टेशन सुमारे ६८ किलोमीटर. जाताना दीड तास, येताना दीड तास, आणि तेही बहुधा उभ्याने. सकाळी मुलगी झोपलेली असताना तो निघतो. जेवताना त्याने कर्जाचा कागद काढून पुढे ठेवला. मी आकडे पाहिले. त्याची अडचण खोटी नव्हती. तो म्हणाला, "काका, मला शेती येत नाही आणि येणारही नाही. मग ती जमीन कुणासाठी ठेवायची?" त्या रात्री मी उत्तर दिले नाही. सौ.नेही नाही.

रविवारी सकाळी आम्ही दोघे फिरायला निघालो. बदलापूर हे नाव घोडे बदलण्यावरून पडले असे सांगतात. सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराजांचे स्वार इथे घोडे बदलत, अशी इथली जुनी समजूत आहे. १८५६ साली रेल्वे कल्याणच्या पुढे खोपोलीकडे गेली तेव्हापासून या पट्ट्यातून आगगाडी धावते. पण शेतीचे गाव शहर झाले ते गेल्या तीस-पस्तीस वर्षांत. स्टेशनाजवळ ठाकूर-कातकरी बायका पळसाच्या पानांवर जांभळे मांडून बसल्या होत्या. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. फळ टपोरे, गर जास्त, तुरटपणा कमी. झाडावर चढून एकेक घड पहाटे उतरवायचा, कारण खाली पडलेले फळ फुटते, आणि उतरवलेलेही एक-दोन दिवसांच्या वर टिकत नाही. एक बाई सांगत होती, पूर्वी आठ झाडे होती, आता तीन उरली. पाच इमारतीत गेली. सौ.ने तिच्याकडून दोन वाटे घेतले आणि भाव केला नाही.

पुतण्याच्या इमारतीच्या फाटकाजवळ एक वयस्क आगरी गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. वॉचमन समजून मी नमस्कार केला. वॉचमन दुसराच होता. हे त्या जमिनीचे जुने मालक. "तुम्ही उभे आहात तिथं माझं भाताचं खाचर होतं," ते म्हणाले. मी कोणते भात लावत होतात ते विचारले. त्यांनी रत्ना, जया, कर्जतच्या संशोधन केंद्राची वाणे अशी नावे घेतली. जमिनीचे पैसे चांगले आले होते. बंगला झाला, गाडी आली, दोन मुलींची लग्ने थाटात झाली, चार गाळ्यांचे भाडे येते. काही कमी नाही. पण म्हणाले, "सकाळी उठून जायचं कुठं, हा प्रश्न आहे. म्हणून इथं येऊन बसतो. तांदूळ दुकानातून आणतो आणि बायको रोज त्याला नावं ठेवते."

त्यांनीच मला इमारतीच्या खांबावर पुराच्या पाण्याची खूण दाखवली. उल्हास नदी जवळच. २६ जुलै २००५ च्या पावसात बदलापूर बुडाले होते. २०१९ च्या जुलैत मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली. हजारावर प्रवाशांना दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, होड्यांतून सोडवावे लागले. आसपासच्या गावकऱ्यांनीही धावून मदत केली.

यात शेतीची एक गोष्ट आहे, ती तुम्हाला सांगितली पाहिजे. एक एकर भातखाचरात बांधाने चार इंच पाणी अडले, तर ते सुमारे चार लाख लिटर होते. शंभर एकर खाचरे म्हणजे चार कोटी लिटर. हे पाणी पूर्वी शेतात थांबे, जिरे, सावकाश नदीला जाई. खाचरावर भराव घालून वर सिमेंट ओतले की तेच पाणी एका तासात ओढ्याला जाते आणि ओढा इमारतीखाली उभ्या गाड्यांत शिरतो. भाताचे बांध म्हणजे नुसती हद्द नसते, ते धरणच असते. तेव्हा शहरात नातेवाईक जागा घेत असेल, तर त्याला आधी पूररेषा पाहायला सांगा, आणि पाऊसकाळात एकदा ती जागा पाहून यायला सांगा.

दुपारी जेवणानंतर सौ. पुतण्याला म्हणाली, "बाळा, तुला शेती येत नाही हे खरं. पण तुझ्या बापाला येते, आणि तो अजून आहे. त्याला या सातव्या मजल्यावर आणून बसवलंस तर तो खाली खुर्ची टाकून बसेल, त्या बाबांसारखा. तुझं कर्ज आपलंच आहे. पण ते फेडायला जमीन हा पहिला उपाय नाही, शेवटचा आहे."

मग आम्ही कागदावर हिशेब केला. घरावरचे जुने पत्रे काढून स्लॅब टाकण्यासाठी आम्ही दोघांनी मुदत ठेव ठेवली होती. ती मोडून कर्जाच्या मुद्दलात भरायची. मुद्दल एकरकमी कमी झाले की हप्ता कमी करता येतो किंवा मुदत घटवता येते. बँकेला तसे लेखी सांगावे लागते. शिवाय दरवर्षी कांद्याच्या पैशातून भाऊ ठरावीक रक्कम देईल. तीस गुंठे राहतील. आमचा स्लॅब पाच-सहा वर्षे पुढे गेला. पुतण्या फार खूश झाला असे नाही. "एकदम मोकळा झालो असतो," एवढे म्हणाला. त्यालाही दोष देता येत नाही. रोज तीन तास उभा राहणारा तो आहे, आम्ही नाही. पण बसस्टँडपर्यंत सोडायला आला तेव्हा त्याने काकूच्या पिशवीत मुलीचा एक फोटो घातला आणि गणपतीला चार दिवस गावी येतो म्हणाला.

परतताना मुरबाड रस्त्याने गेलो. वाटेत बारवी धरण लागते. औद्योगिक वसाहती आणि ही सगळी शहरे या पाण्यावर जगतात. त्यासाठी कित्येक घरांना आपली गावे सोडावी लागली. मे अखेरीचे पाणी खाली गेले होते. सौ. खिडकीतून दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिली. रात्री दहाला घरी. गाईंनी हंबरून विचारपूस केली. दोघांचा सगळा खर्च, पातळासह, साडेतीन हजारांच्या आत झाला.

वाचक बंधूंनो आणि भगिनींनो, काखेत कळसा आणि गावाला वळसा असे आपले होऊ नये. सुगी उरकली की पेरणीच्या आधी दोन दिवस काढा आणि दोघांनी मिळून जा. गाई शेजारणीवर सोपवा, पुढच्या महिन्यात तिच्या गाई तुम्ही सांभाळा. आमच्या आळीत तीन घरांनी आता असा करार केला आहे. घरात जमिनीचा काही निर्णय व्हायचा असेल, तर ज्या बाईने ती खुरपली आहे तिला बरोबर न्या आणि तिला विचारा.

जांभळाच्या बिया सौ.ने धुऊन आणल्या होत्या. जांभळाचे बी फार दिवस उगवणशक्ती धरत नाही; फळ खाल्ल्यावर दहा-पंधरा दिवसांत लावावे. लवकर आणि खात्रीचे फळ हवे असेल तर कलम घ्यावे, कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण बहाडोली' ही जात चांगली आहे, असे मी तिला सांगितले. बियांच्या झाडाला फळ यायला आठ-दहा वर्षे लागतात. तिने ऐकून घेतले आणि बिया पिशव्यांत घातल्याच. अकरापैकी सात रुजल्या. दोन पाने सुटली आहेत. पाऊस नीट लागला की ती रोपे त्या तीस गुंठ्यांच्या बांधावर जातील. पहिली दोन वर्षे शेळ्यांपासून जपण्यासाठी काट्यांची वई करावी लागेल, ती भाऊ आत्ताच तोडून ठेवतो आहे.